वाढू का?

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर पूर्वी सुविचार लिहीत. दोन वर्षांपूर्वी ते काम तिसऱ्या मजल्यावरच्या नंदकिशोर चुरीकाकांकडे आलं आणि आठवड्याभरात त्यांच्याकडचे सुविचार संपले. आठव्या दिवशी सकाळी जिन्याखाली ठसठशीत अक्षरांत मजकूर होता :

‘पाणबुडीचा सिनेमा. ठिकाण : मध्यंतरानंतर, कॅप्टन बायकोला फोन करतो तिथे. प्रकार : मोठी गळती. बाकी लाइन ठीक.’

खाली सही आणि तारीख.

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. तशीच वर गेले. “काका, हे काय लिहिलंय?”

“काल सिनेमा पाहिला. मत लिहिलं.”

“तिथे सुविचार लिहायचा असतो.”

“मग मी काय विचार न करता लिहिलंय?”

मला ऑफिसला उशीर होत होता. संध्याकाळी येऊन पुसू, असं ठरवून मी निघाले. संध्याकाळी येऊन बघते तर फळ्यापुढे सात माणसं उभी, आणि त्या कॅप्टनच्या फोनवरून आपसात जुंपलेली. सुविचारापुढे मी एका वेळी दोन माणसंही कधी उभी पाहिली नव्हती. पुसायला घेतलेलं फडकं मी पर्समध्ये ठेवून दिलं. तेव्हापासून फळा काकांचा.

काका महापालिकेच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं होते. त्यांचं काम ऐकण्याचं. रस्त्याखाली पाण्याची लाइन कुठे गळतेय हे वरून दिसत नाही, ते ऐकावं लागतं. त्यासाठी एक लांब पोलादी सळई असते, वरच्या टोकाला लाकडी वाटीसारखं काहीतरी. सळई जमिनीवर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि वाहतूक थांबलेल्या रस्त्यावर श्वास रोखून उभं राहायचं. काका बोट दाखवतील तिथे खड्डा खणायचा, अशी त्यांची खात्यात पत होती. खारदांड्याला एकदा तीन इंजिनिअर तीन जागा दाखवत होते. काकांनी चौथी दाखवली, सुकत घातलेल्या बोंबलांच्या बरोबर खाली, आणि पाणी तिथेच निघालं. हा किस्सा मी निदान वीस वेळा ऐकला असेल. दर वेळी इंजिनिअर एकाने वाढतो.

निवृत्त झाले तेव्हा हाताखालच्या लोकांनी त्यांना ती सळईच भेट दिली. काकू तिचा उपयोग उंच दोरीवरचे कपडे काढायला करतात.

आता असा माणूस सिनेमा कसा बघणार? डोळे मिटून. चेहऱ्याकडे पाहिलं की आपण फसतो, असं काकांचं म्हणणं. देखणा नट रडला की आपल्याला वाटतं रडला, पण नुसतं ऐकलं की कळतं, आत काही नाही. म्हणून सोफ्यावर मान मागे टाकून ते ऐकत बसायचे. जयंतीकाकू शेजारी मटार सोलत असायच्या. मध्येच काका बोट वर करायचे, “इथे!” आणि दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर यायचं. गुप्तहेराच्या मालिकेबद्दल त्यांनी लिहिलं, ‘इन्स्पेक्टर सर्व भागांत कुजबुजतो. गळती नाही, पण दाब कमी.’ सात-आठशे भाग झालेल्या एका सासूसुनेच्या मालिकेबद्दल एवढंच, ‘लाइन जुनी. दुरुस्ती नको, बदलावी.’

त्यांचे शब्द ठरलेले होते. ‘फुटलं’ म्हणजे संपलंच. ‘गळती’ म्हणजे खोटेपणा ऐकू आला. ‘ओल’ म्हणजे दिसत नाही, पण आत कुठेतरी झिरपतंय. आणि सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘कोरडं’. पाण्याच्या माणसाला कोरडी जमीन लागली की तो सुटकेचा श्वास सोडतो, एवढी साधी गोष्ट. पण ती मला माहीत नव्हती. गणपतीत आम्ही एकांकिका केली, मी त्यात विधवा झाले होते आणि दोन रुमाल भिजतील इतकी रडले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘शीतल : शेवटपर्यंत कोरडं काम.’ मी पंधरा दिवस काकांशी बोलले नाही. जिन्यात भेटले की मोबाइल बघायची. शेवटी काकू लाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अगं, वेडे, एवढं तर त्यांनी मलाही कधी म्हटलेलं नाही.”

एवढं सगळं सांगितलं ते माझ्या मुलीसाठी.

गंधालीचे बाबा जहाजावर, वर्षातले सात महिने समुद्रात. मी अंधेरीला विम्याच्या ऑफिसात, लोकांचे दावे तपासायला. त्यामुळे शाळा सुटली की गंधाली चुरींकडे. काकूंच्या हातचं जेवायची, काकांची सळई फ्रिजला लावून ऐकायची, जमिनीला लावून खालच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकायची. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण काकांसमोर म्हणायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि बोट वर करायचे. तिसरीतल्या मुलीच्या भाषणात गळती काढणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मला राग यायचा. तिला यायचा नाही. ती ते वाक्य पुन्हा म्हणायची.

मोठी झाली, शिकली, पवईला चांगल्या कंपनीत लागली. तीन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस म्हणाली, “आई, मी एक वर्ष सोडतेय.” डबिंग करायचं होतं तिला. परदेशी मालिका आपल्या भाषांत येतात ना हल्ली, त्यांतल्या माणसांना मराठी आवाज द्यायचा. मी पुष्कळ बोलले. त्यातलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ठरलं, एक वर्ष. साहेब भला माणूस, त्याने जागा राखून ठेवली.

वर्षभर ती अंधेरीच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत जाऊन गर्दीतले आवाज देत होती. ‘अहो, बाजूला व्हा!’ ‘पोलीस आले!’ असं. एकदा तर नुसती शिंकली. आणि अकराव्या महिन्यात तिला मोठं काम मिळालं. एका परदेशी मालिकेतली आई. लॉन्ड्री चालवणारी, साठीची बाई, दहाच्या दहा भागांत. गंधाली सत्तावीस वर्षांची. मालिका आली आणि आमच्या घरातले फोन सुरू झाले. मस्त! एकदम मस्त! सुपर गं! माझ्या नणंदेने तर ‘मस्त’ म्हटलं आणि मग विचारलं, “यात गंधाली कुठली?”

गंधाली त्या प्रत्येक ‘मस्त’नंतर आणखी गप्प होत होती. पवईला सोमवारी उत्तर द्यायचं होतं, परत येतेय की नाही.

“मला येतं की नाही तेच कळत नाहीये, आई. सगळे माझ्यावर प्रेम करतात म्हणून मस्त म्हणतात.”

“मग कुणाला विचारायचंय?”

“काकांना. ते कोरडं म्हणाले तर राहीन. गळती म्हणाले तर सोमवारी पवई.”

तिने वर जाऊन काकांना मालिकेचं नाव कागदावर लिहून दिलं. कोणता आवाज तिचा हेही सांगितलं. काकांनी कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता मी काय केलं ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी मी काकांना गच्चीत गाठलं. ते पाठमोरे, टाकीकडे बघत उभे होते. मी म्हटलं, “काका, फळ्यावर गळती म्हणून लिहा हो.”

“गच्चीतली ना? प्लंबरला सांगितलंय.”

मला वाटलं, विषय टाळतायत. मी पुढे जाऊन अगदी तोंडासमोर उभी राहिले आणि स्पष्ट म्हटलं, “गंधालीच्या मालिकेत गळती आहे असं लिहा. तिची चांगली नोकरी जाईल. तुमचं ऐकते ती.”

 काका म्हणाले, “शीतल, चौतीस वर्षांत मी कोरड्या जागेवर कुणाला खणायला लावलेलं नाही.”

मी खाली आले. लाज वाटली आणि रागही आला. खरं सांगायचं तर राग जास्त होता.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला हवी होती, कारण मी पोटापाण्यासाठी कागदांवरूनच माणसं ओळखते. गेल्या पावसाळ्यानंतर फळ्यावरचा मजकूर बदलला होता. ‘राजवाड्याचा सिनेमा. पडदे अस्सल मखमली. राणीच्या शालूचा काठ मात्र उलटा.’ ‘डॉक्टरांची मालिका. ऑपरेशनच्या खोलीत नर्सने बांगड्या का काढल्या नाहीत?’ ‘कोळीवाड्यातली प्रेमकथा. सुरमई म्हणून दाखवलेला मासा रावस आहे.’ सोसायटीतल्या बायका खूश होत्या. मीही म्हटलं, काका सुधारले, आता डोळे उघडून बघायला लागले.

रविवारी सकाळी गंधाली पाव आणायला खाली गेली आणि पाव न घेता परत आली.

“फळ्यावर आलंय.”

“काय लिहिलंय?”

“तूच वाच.”

मी जिना उतरून गेले. काकांचंच अक्षर. ‘लॉन्ड्रीवाली आई. ठिकाण : सर्व भाग. प्रकार : झकास. लॉन्ड्रीतली कपड्यांची घडी सुबक. आईचा आवाज झकास.’

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? गेली पवई. मग वर आले, तर गंधाली ओट्याला टेकून रडत होती.

“अगं, झकास लिहिलंय ना?”

“काका झकास म्हणतात का कधी? आयुष्यात ऐकलंयस? झकास काय, झकास! त्यांनी ऐकलंच नाहीये, आई. सगळ्यांसारखंच केलं त्यांनी. मी एवढी तिसरीत होते तेव्हा मला खोटं नाही बोलले, आणि आता…”

ती तशीच चपला अडकवून वर निघाली. मी मागोमाग. तिला थांबवायला निघाले होते की काकांना जाब विचारायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

चुरींचा दरवाजा दिवसभर उघडाच असतो, फक्त जाळीचा बंद. जाळी ढकलून आम्ही आत गेलो. काका सोफ्याच्या अगदी कडेला, टीव्हीपासून दोन हातांवर, पुढे वाकून बसले होते. डोळे उघडे. आतून काकूंचा आवाज येत होता, त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि कोलंबीच्या कालवणाचा वास सुटला होता. आम्हाला पाहून काका हसले.

“या, या. बसा. बघ गं गंधाली, हल्ली काय हळू बोलतात हे लोक. सगळेच कुजबुजतात.”

पडद्यावर एक वकील हातवारे करून ओरडत होता. आवाज येत नव्हता. कोपऱ्यात भोंग्याचं लहानसं चित्र होतं आणि त्यावर तिरपी रेघ. काकूंनी फोनसाठी टीव्हीचा आवाज बंद केला होता.

गंधालीने त्या रेघेकडे पाहिलं, मग काकांकडे. तिचा राग कुठे गेला ते मला दिसलंच नाही, इतक्या पटकन गेला. ती काकांच्या पायाशी जाऊन बसली.

काकू फोन ठेवून बाहेर आल्या. त्यांनी आमचे चेहरे पाहिले, टीव्ही पाहिला आणि रिमोट उचलता उचलता हात तसाच खाली नेला.

“कळलं तर,” त्या म्हणाल्या. “बरंच झालं. मला आता नाही निभत.”

मग सगळं बाहेर आलं. काकांचे कान जुने फुटके, तरुणपणापासून वाहायचे. गेल्या पावसाळ्यात दोन्ही एकदम बसले. डॉक्टर म्हणाले, आतली नस शाबूत आहे, बाहेरची वाट बुजलीय, मशीन लावा. मशीन आणलं, मापाचं करून आणलं. काकांनी आठ दिवस घातलं आणि डबीत टाकलं. पाणीखात्यातला कोण कुठे भेटेल, काय म्हणेल! समोर उभं राहून मोठ्याने बोललं की ऐकू येतं, ओठांवरून कळतं, मग कशाला हवं? सिनेमा खालच्या अक्षरांवरून समजायचा. उरलेलं काकू सांगायच्या.

“म्हणजे पडदे…” मी म्हटलं.

“पडदे माझे,” काकू म्हणाल्या. “शालूचा काठपण माझाच. मला आवाजातलं काय कळतं गं? जे कळतं ते सांगितलं. गंधालीचं मात्र यांनी स्वतः लिहिलं. मी म्हटलं, तुम्हाला ऐकू नाही आलं तर लिहू नका. तर म्हणाले, पोरीचं वर्ष आहे, वाईट कसं लिहू.”

काका खाली बघत होते. काकू नेमकं काय बोलल्या ते त्यांना ऐकू आलं नसणार, पण कळलं होतं. मी त्या माणसाला खोटं लिहायला सांगायला गेले होते. त्याने माझ्यासाठी लिहिलं नाही आणि तिच्यासाठी लिहिलं. 

“सळई कुठेय?” गंधालीने विचारलं.

“कसली?”

“काकांची. कपड्यांची.”

काकूंनी ती गॅलरीतून आणली. टोकाला एक चिमटा लागलेला होता, तो काढला. गंधालीने मोबाइलवरून मालिका टीव्हीवर लावली आणि चौथा भाग काढला. टीव्हीखालच्या लांबट स्पीकरवर सळईचं टोक टेकवलं आणि लाकडी वाटी काकांच्या हातात दिली. मग ती त्यांच्या अगदी समोर येऊन मोठ्याने म्हणाली, “कानाला नको. कानामागच्या हाडाला लावा. आणि डोळे मिटा.”

काकांनी वाटी कानामागे लावली. डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं पाहिलं, मान किंचित कलती, एक बोट मांडीवर तयार.

प्रसंग साधाच होता. लॉन्ड्रीवाल्या बाईचा मुलगा कानांवर मोठे हेडफोन चढवून संगणकापुढे बसलाय. आई दारात येऊन विचारते, त्याला ऐकू जात नाही. पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारते, मग दिवा मालवून आत निघून जाते. स्टुडिओतल्या कागदावर तिचं वाक्य होतं, ‘जेवण तयार आहे.’ गंधालीने तिथे हट्ट धरला होता, म्हणे कुठल्या घरात आई असं बोलते? आणि ते वाक्य बदलून घेतलं होतं.

“वाढू का?” पडद्यावरची बाई म्हणाली.

काका स्थिर.

“वाढू का रे?”

काका स्थिर.

“वाढू का?”

काकांचं बोट वर गेलं. पण नेहमीसारखं झटक्यात नाही. अर्ध्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

“परत लाव,” ते म्हणाले.

तिने परत लावलं. ते पुन्हा म्हणाले, परत. तीनदा ऐकलं त्यांनी. मग वाटी खाली घेतली.  मी गंधालीचा हात धरला, तर तळवा ओला.

“पहिली दोन कोरडी,” काका म्हणाले. “तिसऱ्यात ओल आहे.”

“माहितीय,” गंधाली म्हणाली. मग लक्षात येऊन मोठ्याने, “मला माहितीय, काका. मी दुसरा टेक मागितला होता. ते म्हणाले, राहू दे.”

“कुठून आली ती?”

गंधाली काकूंकडे पाहून अडखळली. “सांगू?”

“सांग,” काकू म्हणाल्या.

“काकूंकडून. मी कॉपी केली. गेले काही महिने वर आले की ऐकत होते. काकू तुम्हाला आतून विचारतात, वाढू का. मग जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा आवाज मोठा असतो, पण त्यात विचारणं उरलेलं नसतं. उत्तर येणार नाही हे धरून विचारतात. मला वाटलं, म्हातारपणी बायका अशाच बोलत असतील. मला माहीत नव्हतं की…”

 काकांना यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे, पण त्यांनी मान वळवली ती काकूंकडे. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या, हात कोरडे झाले तरी पुसतच होत्या.

“जयंती, तू असं विचारतेस?”

“भात निवतो हो,” काकू म्हणाल्या. “म्हणून विचारते.”

“रोज?”

 काकू पटकन वळून आत गेल्या आणि आत भांडं उगाच वाजलं.

काकांनी सळई दोन्ही हातांनी धरली. ते रडले वगैरे नाहीत.  मग त्यांनी गंधालीला जवळ बोलावलं.

“चौतीस वर्षं मी ओल दाखवली आणि लोकांनी बुजवली. बरोबरच होतं ते. पण ही बुजवू नकोस, बाळ. कुणी दुसरा टेक मागितला तरी देऊ नकोस. ही आहे म्हणून ती बाई खरी आहे.”

“म्हणजे चांगलं झालंय?”

“पाचव्या भागात दवाखान्यात रडलीयस ना, तो आवाज मी ऐकलेला नाही. तो लाव. तिथे गळती असली तर सांगणार. सोडणार नाही.”

आणि माझी मुलगी हसली. वर्षभरात फोनवरच्या इतक्या ‘मस्त’ना ती अशी हसली नव्हती. दवाखान्यातल्या रडण्यात काकांनी दोन ठिकाणी बोट वर केलं. एका जागी ‘मोठी गळती’ म्हणाले. गंधालीने वही मागून घेतली आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवले. त्या वहीवर वाकलेलं तिचं डोकं मी बघत होते. सोमवारी पवईला ती काय कळवणार ते मला तेव्हाच समजलं. मी मनातल्या मनात तिच्या साहेबाची माफी मागितली. दावा खरा असला की मंजूर करावा लागतो, मग आपल्याला आवडो न आवडो.

दुपारचा एक वाजून गेला होता. आम्ही निघालो तशी काका म्हणाले, “थांबा. शोकेसच्या खालच्या खणात एक डबी आहे, ती दे गं.”

गंधालीने ती निळी डबी काढून दिली. काकांनी दोन्ही मशीनं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. एकही नीट बसेना. गंधालीने एक बसवलं, दुसरं मी. ते चालू करताच काका दचकले. खालून रिक्षाचा हॉर्न, वरच्यांचा पंखा, शेजारच्या कुकरची शिटी, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं असावं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, आता काढून फेकतात.

काकूंना आतून काही दिसत नव्हतं. त्यांना वाटलं असेल आम्ही गेलो. भातावरचं झाकण काढल्याचा, कालवणात पळी फिरल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी विचारलं, पहिल्या वेळी विचारतात तसं, हळूच, जवळजवळ स्वतःशीच,

“वाढू का?”

“वाढ,” काका म्हणाले.

आत पळीचा आवाज थांबला. कितीतरी वेळ तो पुन्हा आला नाही. मी गंधालीचा दंड धरला आणि जाळी आवाज न करता ओढून घेऊन आम्ही दोघी जिना उतरलो.